वेशीपाशी बंद पडणारी जीप

देवराव रोज सकाळी जीपच्या टाकीचं झाकण उघडायचे, तिथं नाक टेकवायचे, डोळे मिटायचे आणि अत्तर पारखावं तशी मान डोलवून सांगायचे, "हे बसस्टँडच्या पंपाचं नाई, ताई. आर्णी रोडचं हाय." मी पावती काढून बघायची. आर्णी रोडचंच असायचं.

यवतमाळच्या आमच्या ऑफिसात ते साहेबांचे ड्रायव्हर होते आणि मी लिपिक. गाडीची फाइल माझ्या टेबलावर, त्यामुळे देवरावही दिवसाचा अर्धा वेळ माझ्याच टेबलापाशी. पन्नाशी उलटलेला काडीसारखा माणूस. खाकी सदऱ्याची गळ्याशी टेकणारी गुंडीसुद्धा भर उन्हाळ्यात लावलेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रविवारीही येऊन जीप पुसत बसायचे. "सुट्टी आहे ना हो," म्हटलं, तर म्हणायचे, "घरी कोन हाय पुसाले?" यातलं पुसणं नेमकं कोणतं, ते मी कधी विचारलं नाही.

अशा माणसाला मी एक दिवस परिपत्रक वाचून दाखवलं. यापुढे सरकारी गाड्यांत डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळूनच वापरायचं.

"कायचं असते ते?"

"मोगली एरंडाच्या बियांचं तेल असतं. कारखान्यात त्याचं इंधन करतात."

"एरंड?" देवरावांनी चष्मा काढला. "ताई, गाडीले काय पोट साफ कराचं हाय काय?"

पहिले आठ दिवस ते जीपभोवती आजाऱ्याभोवती फिरावं तसे फिरले. बॉनेटवर हात ठेवून बघायचे. धुराला तळणीचा वास येई, त्याचं त्यांना फार लागलं. "मांगून कुत्रे येऊन राह्यले, ताई. त्यायले वाटते, आत भजे तळून राह्यले." नाक खराब होऊ नये म्हणून ते काही दिवस टाकीपाशी रुमाल बांधून उभे राहायचे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. साहेबांचे दौरे बहुतेक एकाच तऱ्हेच्या घरी असत. घरातला माणूस स्वतःच्या हातानं गेलेला असायचा, आणि आम्ही चौकशीचे कागद भरायला जायचो. लिहून घ्यायला मी सोबत असे.

नवं तेल आलं आणि जीप बंद पडू लागली. एरवी कुठं नाही, गावाच्या वेशीपाशी. दोन ठसके, एक हिसका, गाडी उभी.

"फिल्टर चोक झाला, साहेब. एरंडाची करनी."

मग साहेब पुढे, मी मागे, धूळ तुडवत गावात जायचो. कागद भरून परत यावं, तर जीप तोंड फिरवून तयार उभी, इंजिन सुरू. तीन-चार वेळा असं झाल्यावर साहेब वैतागले. तेल निकृष्ट आहे, पुरवठा थांबवावा, अशी तक्रार त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतली.

चार दिवसांनी लोहाऱ्याहून तेलाच्या कारखान्याचे राठोड म्हणून एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी ऑफिसच्या आवारात बाही सरसावून फिल्टर काढला, उन्हात धरला. स्वच्छ होता. नळ्या बघितल्या. त्याही ठीक होत्या.

"ड्रायव्हरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "राग असंन तर माह्यावर काढा. पन हे तेल बंद झालं, तर बांधाबांधानं फिरून बिया वेचनाऱ्या बायाइचं काम जाईन."

देवराव थोड्या वेळानं माझ्या टेबलाशी आले. "ताई, एक कागद द्या. लिहा. तेलाचा दोष नाई. गाडी मी सोता बंद करतो."

"देवराव, अहो, नोकरीवर गदा येईल!"

"लिहा तुमी."

सही करून ते स्वतःच कागद घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. मी दाराशी. साहेबांनी दोनदा वाचलं. "का?" एवढंच विचारलं.

"साहेब, राळेगावकडं आपुन पत्ता इचाराले थांबलो होतो, आठोते? ताई नव्हत्या त्या दिवशी. एका म्हातारीच्या दाराशी. तुमी मांग कागद पाहून राह्यले होते. मी खाली उतरलो. पत्ताच इचाराचा होता. पन तिनं सरकारी जीप पाह्यली अन् माह्या तोंडातून शब्द निघाच्या आधीच खाली बसली. ऊर बडवाले लागली. तिचा पोरगा सकाळचा वावरात गेलता."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, ती शेजारच्या घरासाठी रडते आहे."

"आपली जीप गावात शिरली, का घराघरातल्या बाया उंबऱ्यात येतात, साहेब. आपापला मानूस कुठं हाय, ते आठोत उभ्या राह्यतात. मी आरशात पाह्यतो."

तक्रार मागे घेतली गेली. मेमो मात्र द्यावा लागला. तोही मीच टाइप केला. देवरावांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि राठोडांना फाटकापर्यंत सोडून आले.

पुढच्या दौऱ्यात वेस दिसली तसे साहेब म्हणाले, "इथंच थांबवा. चालत जाऊ." ते उतरून चालूही लागले. मी फाइली गोळा करत मागे राहिले होते. राहवलं नाही, म्हणून विचारलं, "त्या म्हातारीचं मग काय झालं?"

"काय होते? साहेबाले त्या घरी सोडलं अन् मी वापस तिच्यापाशी येऊन बसलो. पोरगा आला दुपारी. भाकर मागतली. कायले रडून राह्यली म्हनून तिच्यावरच खेकसला." देवराव हसले. मग स्टिअरिंगवरचा आपला उजवा हात त्यांनी उलटा करून पाहिला. "पन तो येइपरेंत तिनं हा हात धरून ठेवला होता, ताई. घट्ट. सोडेच ना."

"तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल."

"नाई. मी बी सोडला नाई." ते समोरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे बघत राहिले. "कोनी हात धरून किती वर्सं झाली, ते तवा ध्यानात आलं."

मी फाइली उचलल्या. त्यांनीच वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं.

"जा ताई. साहेब थांबले तुमच्यासाठी."