थावींचं 'नको'

मुलीचा प्रोग्रॅम पाडायला कॉम्प्युटर यावा लागत नाही, नुसतं 'नको' म्हणता आलं की पुरे, असं थावींचं ठाम मत होतं. आणि 'नको' म्हणण्यात बांग पाकोंग नदीच्या दोन्ही काठांवर त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी मेलेल्या इंजिनाला ते 'नको'च म्हणत, तेही तोंडानं नाही, नुसती डावी भुवई उचलून. भुवया तरी कशा, दोन मुंगसं कपाळावर समोरासमोर येऊन थबकावीत तशा.

आता कुणी म्हणेल, पोटच्या पोरीचं वाईट चिंतणारा हा कसला बाप? तर तसं नव्हतं. माप्रांगवर त्यांचा जीव होता. पण भुवयांवरही होता.

झालं होतं असं. कोळंबीच्या खाद्याच्या दुकानातली नोकरी सोडून माप्रांगनं घरी बसून फोनवर चालणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. 'आज काय खायचं' हे त्याचं नाव. आपण भूक लागली म्हणायचं, त्यानं पदार्थ सुचवायचा. आपण नाक मुरडायचं, त्यानं दुसरा सुचवायचा. बँकॉकला एकट्यानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांची स्पर्धा होती. ज्यांच्या मागे कंपनी नाही, डोक्यावर साहेब नाही, अशांची. पहिला नंबर आला तर वर्षभराची ददात मिटणार होती. नाही आला तर पुन्हा ते खाद्याचं दुकान. अंतिम फेरीसाठी तिचं नाव लागलं आणि तिची आई लमाई त्याच सकाळी विहारात जाऊन मोठ्या बुद्धमूर्तीपुढे नवस बोलून आली.

"पोरीचा पहिला नंबर आला तर तुम्ही पंधरवडाभर भिक्षू होणार," भाजी निवडता निवडता तिनं सांगून टाकलं.

थावींच्या हातातला पाना खाली पडला. "मी? मला विचारलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"अगं, डोकं भादरतात. भुवयासुद्धा."

"माझ्या दिल्या असत्या हो. पण आपल्याकडे बायकांना भिक्षू होता येत नाही."

"मग उकडलेली अंडी बोलायचीस. सगळं गाव अंडी बोलतं."

"अंड्यांवर बारीकसारीक कामं होतात. बदली, लॉटरी. ही बँकॉकची स्पर्धा आहे."

बोललेला नवस मोडायचा नसतो, हे थावींनाही मान्य होतं. त्यांची श्रद्धा लमाईइतकीच होती, फक्त थोडी उशिरा उठायची. नवस मोडायचा नाही, पण फेडायची वेळच आली नाही तर? या विचारात ते गढले असताना माप्रांग आपणहून त्यांच्याकडे आली.

"बाबा, परीक्षकांपुढे प्रोग्रॅम वापरून दाखवायला एक माणूस लागतो. साधासुधा नको, चांगला अवघड माणूस हवाय."

"तुझ्या बापाला पाहून शोध थांबव," लमाई आतून म्हणाली.

"येतो की," थावी म्हणाले. जन्मात इतक्या चटकन ते कशालाही हो म्हणाले नव्हते. माप्रांगला तिथेच संशय यायला हवा होता.

स्पर्धा एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होती. थावींना मंचावर खुर्चीत बसवलं, हातात फोन दिला. समोर तीन परीक्षक, पाठीमागे भिंतीएवढा पडदा. गावातले लोक आपापल्या फोनवर सगळं थेट बघत होते. लमाई पहिल्या रांगेत, मांडीवर जेवणाचा डबा घट्ट धरून.

"करा सुरुवात, काका," परीक्षकबाई म्हणाल्या.

"भूक लागली," थावींनी फोनला सांगितलं.

"वाफवलेला जिताडा करू का, वर लिंबू पिळून?" फोन म्हणाला.

थावी दचकले. आवाज लमाईचा होता. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. लमाईचं तोंड मिटलेलं आणि तरी तिचा आवाज येतोय, हा अनुभव त्यांना अगदीच नवा होता. मागाहून कळलं ते असं, की पगारी आवाज परवडेना म्हणून माप्रांगनं आईचंच घरातलं बोलणं टिपून प्रोग्रॅममध्ये घातलं होतं.

"नको," थावी म्हणाले.

"मग पिवळ्या रश्शातला खेकडा?"

खेकडा म्हणजे थावींचा प्राण. तोंडाला सुटलेलं पाणी त्यांनी भुवयांखातर गिळलं. "नको."

"तुळशीच्या पानांतला खिमा? वर अंडं घालून?"

"नको म्हटलं ना."

"कोळंबीचं आंबट सार करते."

"परवाच तर केलं होतंस."

सभागृहात खसखस पिकली. आपण घरात नाही याचं थावींचं भान हळूहळू सुटत चाललं होतं.

"आंबा आणि चिकट भात?"

"गोड खायचं वय आहे का माझं?"

"मग भाताची पेज?"

"आजारी आहे का मी?"

मंचाच्या कडेला माप्रांगचा चेहरा पार उतरला. एका परीक्षकानं घड्याळाकडे पाहिलं, परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. जिंकलो, असं मनाशी म्हणून थावींनी डावी भुवई उचलली. पाठीमागच्या पडद्यावर ती केळीच्या पानाएवढी दिसली.

फोन हलकेच म्हणाला, "भूक नाहीच तुम्हाला. रुसलात ना?"

"मग काय करू?" थावी उसळले. "मला न विचारता परस्पर ठरवून मोकळी होतेस."

"बरं, चुकलं माझं. आता तरी जेवा."

फोन हातातून निसटता निसटता राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली. तेवढ्यात नदीला किती पूर आले, किती सरकारं आली नि गेली, पण हे वाक्य त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. भुवया, नवस, बेत, सगळं त्या एका वाक्याच्या पुरात वाहून गेलं.

"वाढ," ते म्हणाले. "काहीही वाढ. तू म्हणशील ते."

"हे मी कधी म्हटलं?" पहिल्या रांगेतून लमाईचा खरा आवाज उठला.

"'चुकलं' तू बाबांविषयी म्हणाली होतीस, आई," माप्रांग मंचाच्या कडेवरून म्हणाली, "आणि 'माझं' नशिबाविषयी. मी जोडून घेतलं."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. परीक्षकबाई डोळे पुसत म्हणाल्या, पदार्थ सुचवणारे पुष्कळ पाहिले, पण भूक कुठली आणि राग कुठला हे ओळखणारा प्रोग्रॅम हा पहिलाच. आणि नंबरही पहिलाच दिला.

मंचावर सगळ्यांत आधी नाचले ते थावी. "माझी मुलगी आहे, माझी," असं ते कॅमेरेवाल्यालाही पकडून पकडून सांगत होते. लमाई मात्र, स्टेशनवर पाहुण्यांना निरोप द्यावा तशी, त्यांच्या भुवयांकडे शेवटचं बघून घेत होती.

यथावकाश भुवया गेल्या. गुळगुळीत डोक्याचे, गुळगुळीत कपाळाचे थावी पहिल्या पहाटे भिक्षापात्र घेऊन गावात निघाले. भिक्षूला दुपारनंतर जेवण नाही, म्हणजे सकाळी पात्रात पडेल तेवढाच आधार. मागायचं नाही, नाकारायचं नाही. पण गाव श्रद्धाळू, घरातलं उत्तम तेच वाढणार, अशी त्यांना खात्री होती. त्यात शेजारणीच्या, सायबुआच्या दारात येताच चुलीवरून खेकड्याच्या रश्शाचा वास आला आणि वैराग्य वाटलं होतं तितकं अवघड नाही, असं त्यांच्या मनात आलं.

सायबुआनं गुडघे टेकून हात जोडले. "महाराज, निर्धास्त असा. बँकॉकचं सगळं आम्ही फोनवर पाहिलंय. खेकडा नको, जिताडा नको, खिमा नको, सार नको. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून चूक व्हायला नको, असं सगळ्या आळीनं मिळून ठरवलं. घरोघरी तुमच्यासाठी वेगळं उकडलेलं कारलं केलंय."

आणि तिनं ते पात्रात घातलं, दोन पळ्या जास्तच.

वाढणाऱ्याला दीर्घायुष्य, रूप, सुख आणि बळ लाभो, असा आशीर्वाद भिक्षूनं म्हणायचा असतो. थावींनी तो सगळा म्हटला. फक्त 'दीर्घायुष्य' म्हणताना त्यांचा आवाज जरा बसला.