जमीन वाळेपर्यंत

मास्तरांची बायको रुसून बहिणीकडे गेली, ती बैठकीच्या खोलीतल्या लाकडी जमिनीपायी. फळीची कूस तिच्या तळपायात घुसली आणि मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घरात चपला घालाव्यात माणसाने." पुढचं सगळं त्या एका वाक्याने केलं.

आता घर खायला उठलं होतं. मास्तरांनी भाड्याने यंत्र आणून जमीन घासून गुळगुळीत केली, भुसा टिपला आणि व्हार्निशचा हात द्यायला घेतला. दाराशी सुरुवात करून मागे सरकत सरकत ते स्वयंपाकघरात पोचले. वाळेपर्यंत चहा तरी होईल, हा हिशेब. बाहेर पडायला दुसरी वाटच नाही, हे चहा उकळताना ध्यानात आलं. तरी दारावर "जमीन ओली आहे" अशी ठसठशीत पाटी लावली होती, म्हणून ते निर्धास्त होते.

तेवढ्यात कुलूप उघडलं. बायको चपला दाराबाहेर काढून, अनवाणी, तरातरा अर्ध्या खोलीपर्यंत आली.

"अगं थांब, ओलं आहे! पाटी वाचली नाहीस?"

"कशी वाचणार? चष्मा इथेच राहिलाय. तोच न्यायला आलेय, घेतला की निघाले."

मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत धावले.

"पाय चिकटतायत हो. मागे फिरू की पुढे येऊ?"

"पुढे ये," मास्तर इतक्या घाईने म्हणाले की तिला हसू आलं.

ती आत आली. मास्तर खाली बसून रॉकेलच्या फडक्याने तिचे तळवे पुसू लागले.

"कूस कुठे लागली होती?"

"ही इथे. फार लवकर विचारलंत."

चकचकीत जमिनीवर पावलं उमटली होती, सगळी आत येणारी.

"ताई जेवायला थांबलीय. किती वेळ लागेल वाळायला?"

खोटं बोलू नये, असं मास्तर जन्मभर पोरांना शिकवत आले होते. "उद्या सकाळपर्यंत तरी पाय ठेवता यायचा नाही," ते फडक्याकडे बघत म्हणाले.

तिने मांडणीवरचा चष्मा घेतला, पुसून डोळ्यांवर चढवला. ओट्यावर व्हार्निशचा डबा होता. दोन तासांत वाळते, असं त्यावर छापलं होतं. तिने ते वाचलं, डब्याची ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, तू जेवून घे. जमीन उद्यापर्यंत वाळत नाही म्हणे. अगं, मास्तर आहेत, खोटं कशाला बोलतील?"