तात्यांची दुसरी खुर्ची

"ठिवा! ती खुर्ची खाली ठिवा! चोर, चोर!"

तात्या असे ओरडले की गुलमंडीच्या बाजारातले हॉर्न थांबले. गुलमंडीत हॉर्न थांबणं म्हणजे सूर्य थांबण्यापैकीच. बिचारं गिऱ्हाईक! स्कूटर लावायला खुर्ची फक्त वीतभर सरकवत होतं.

"चच्चा, बाजू कू कर रहा था!"

"बैठने का तो बैठो! उठाने का नाय!"

तात्यांचं टोप्यांचं दुकान माझ्या चादरींच्या दुकानाला लागून. दुकानापुढं फुटपाथवर त्यांच्या कायम दोन खुर्च्या. एक स्वतःला, दुसरी येईल त्याला. त्या दुसरीवर न टेकलेला माणूस इथून वेरूळपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. खुर्च्यांवर पहारा मात्र तात्या मुलाकडं टोरोंटोला दोन महिने राहून आले तेव्हापासून. तिथली प्रत्येक गोष्ट ते एकाच वाक्यानं सुरू करतात.

"लई धक्का बसला! फुटपाथ एवढा रुंद, की त्यावर लग्न लावून पंगत बसवावी. अन् माणूस? नाय! एक कुत्रं दिसलं, तर त्याच्या पायात बूट!"

येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठं निघालात?" विचारायची तात्यांची सवय. तिथंही त्यांनी एका बाईला हातवारे करून तेच विचारलं. बाई रस्ता ओलांडून पळाली. तात्यांच्या मते ती अजून पळतेच आहे.

मग तात्यांनी गुलमंडीचा उपाय केला. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या फुटपाथवर मांडल्या आणि ऐटीत बसले. पाच मिनिटांत एक मोटार थांबली. गोरं जोडपं उतरलं, हसलं, दुसरी खुर्ची उचलून डिकीत घातली, "थँक्यू" म्हणालं आणि गेलं.

"दिवसाढवळ्या, साहेब! माझ्या डोळ्यांदेखत! अन् मी काय केलं? नमस्कार केला! धक्क्यानं हात आपोआप जोडले गेले."

सुनील, म्हणजे मुलगा, घरी आल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, "तात्या, इथं फुटपाथवर ठेवलेलं सामान म्हणजे नको असलेलं. ज्याला हवं त्यानं न्यावं, अशी रीत आहे."

एवढं कळल्यावर शहाणा माणूस थांबला असता. तात्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक मांडली. गेली. तिसऱ्या दिवशी उपरण्यानं आपल्या पायाला बांधली. तात्या पायाची गाठ सोडून पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तीही गेली, उपरण्यासकट. माझ्या हिशेबानं सून शेवटी सगळ्यांना उभ्यानं वाढत होती.

आज ते गिऱ्हाईक शेवटी चहा पिऊन गेलं. गर्दी ओसरल्यावर मी रिकाम्या खुर्चीत टेकलो.

"तात्या, लोक नेतात हे कळलं होतं. तुमच्यापुरती एक मांडायची. दुसरी कशाला?"

तात्या टोप्यांवरची धूळ झटकत राहिले.

"सुनील सहाला यायचा. गाडीतूनच गॅरेजचं दार उघडायचा, गाडी आत, दार बंद. कानाला फोन. म्हटलं, बाहेर खुर्ची दिसली तर बसंल दहा मिनिटं."

"मग? बसला का कधी?"

"शेवटच्या दिवशी मी पायरीवर बसलो, खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठिवली. गाडी थांबवून उतरला. खुर्चीपाशी आला."

"आणि?"

"उचलून आत नेली. म्हणला, तात्या, आता एवढीच उरलीय."