डासाची लाळ आणि सासरेबुवांचा हात

डासांच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. अहो, कामच तसं आहे माझं! मी कीटक-संशोधन संस्थेत आहे. रोग पसरवणाऱ्या डासांच्या लाळेत कोणकोणती प्रथिनं असतात ते आम्ही शोधतो. डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा लाळग्रंथी मी सुईच्या टोकानं अलगद काढतो!

पण सासरेबुवांना त्याचं कौतुक असेल तर शपथ! ते निवृत्त हिशेबतपासनीस. समोरच्याची चूक सापडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही.

"म्हणजे डासांची थुंकी गोळा करता," ते चारचौघांत म्हणायचे. "त्यापेक्षा माझ्या मित्राच्या टाइल्सच्या दुकानात मॅनेजर व्हा. बोलू का त्याच्याशी?"

इथवर ठीक होतं. पण अलीकडे बायकोही "टाइल्स काही वाईट नसतात हं," असं म्हणायला लागली होती! म्हटलं, आता काहीतरी केलंच पाहिजे.

संस्थेत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी खास कार्यक्रम ठरला, तेव्हा मी संचालकबाईंच्या मागे लागून प्रात्यक्षिक स्वतःकडे ओढून घेतलं. बायको, सासूबाई, सासरेबुवा, तिघांनाही पहिल्या रांगेत बसवलं. टेबलावर डासांचा जाळीदार पिंजरा. हात आत घालायला त्याला दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या कापडी बाह्या.

"डासाची मादी रक्त पिण्याआधी आपल्या कातडीत लाळ सोडते," मी सुरुवात केली. "त्यातलं एक प्रथिन रक्त गोठू देत नाही, दुसरं रक्तवाहिनी रुंद करतं. त्या प्रथिनांवर आपलं शरीर चिडतं, म्हणून खाज! पण वर्षानुवर्षं चावून घेतलं की शरीर चिडायचं सोडून देतं."

"लग्नासारखंच," बायको म्हणाली. सगळे हसले.

"मी या डासांकडून कितीदा तरी चावून घेतलंय. अंड्यापासून इथेच वाढवलेत, रोगबिग काही नाही. आता बघा, साधा पुरळसुद्धा उठणार नाही!" असं म्हणून मी ऐटीत हात आत घातला.

डास तुटून पडले. मी हसतमुखानं उभा. आणि थोड्याच वेळात मनगटापाशी काहीतरी टरारलं.

"अहो, हात फुगतोय तुमचा!" सासूबाई म्हणाल्या.

"छे! उजेडामुळे तसं वाटतं!"

"मग उजेडानं खाजही सुटते का?" सासरेबुवांनी विचारलं. कारण मी दुसऱ्या हातानं जाळीवरूनच खाजवत होतो!

हात बघता बघता उशीसारखा झाला. बाहेर काढायला गेलो, तर इलॅस्टिक मनगटात रुतून बसलेलं! जोर लावला तसा अख्खा पिंजराच टेबलावरून उचलला गेला. मी पिंजऱ्यासकट स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागलो!

"जावयाला रोग झाला! डॉक्टरला बोलवा!" सासूबाईंनी टाहो फोडला. मागच्या रांगा दाराकडे धावल्या. खुर्च्या आडव्या झाल्या. "पळू नका, फक्त लाळ आहे!" मी ओरडत होतो, पण हातात पिंजरा घेऊन नाचणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

संचालकबाई धावत आल्या. पिंजऱ्यामागची चिठ्ठी वाचून त्यांचा चेहराच उतरला. "अरे देवा, हे नवे डास! गटारातून अंडी आणून वाढवलेले! फोटोत छान दिसावा म्हणून सकाळी मीच मोठा पिंजरा पुढे ठेवायला लावला!"

झालं! जात वेगळी, लाळ वेगळी, प्रथिनं वेगळी. माझी ओळख होती ती शेजारच्या पिंजऱ्यातल्यांशी!

"सरका सगळे! चूक कुठे आहे ते बघू द्या मला!" सासरेबुवा उठले. त्यांनी दुसऱ्या बाहीतून आपला हात आत घातला, माझं मनगट धरलं आणि आतून इलॅस्टिक ताणून शांतपणे मला सोडवलं. तेवढ्या वेळात सगळे डास त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, संपलं. आता टाइल्सच!

त्यांनी हात बाहेर काढला. गोरागोमटा! एक पुरळ असेल तर शपथ!

"काका, खाज नाही?" बाईंनी भिंग काढलं.

"कसली खाज?"

"बाबा रोज संध्याकाळी परसात गटाराच्या कडेला उघड्या अंगानं पेपर वाचतात," बायको म्हणाली. "आम्ही किती ओरडतो!"

"ओरडू नका!" बाई आनंदानं जवळजवळ किंचाळल्याच. "आम्ही असाच हात शोधत होतो!"

तेव्हापासून सासरेबुवा संस्थेत येतात. त्यांचं शरीर या लाळेवर का चिडत नाही, याचा सगळे अभ्यास करतात. टाइल्सचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. एवढ्या महत्त्वाच्या कामात दुकानाचं नाव कोण घेतो!

परवा बाहेरचे शास्त्रज्ञ आले होते. सासरेबुवांनी पिंजऱ्यात हात घालून त्यांना लाळेतलं एकेक प्रथिन समजावून सांगितलं. शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे आमचे जावई. यांना पिंजऱ्याजवळ आणू नका. फुगतात!"