साक्षीदारांची तालीम

"बाबा, पुढच्या आठवड्यात गावात सरकारी तपासनीस येईल. माझ्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारेल. तुम्ही फक्त एकच करायचं. काहीही करायचं नाही."

मायलो कुबिचेकने फोन कानाला लावून आज्ञाधारकपणे मान डोलावली. नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावात जन्मभर त्याने न्हाव्याचं दुकान चालवलं होतं, आणि काहीही न करणं ही एकच गोष्ट त्याला आजवर कधी साधली नव्हती.

रोझ त्याची एकुलती एक मुलगी. आधी सरकारी वकील म्हणून तिने बारा वर्षं फेडरल कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मग त्याच कोर्टात दुय्यम न्यायाधीश झाली. म्हणजे मोठ्या जजच्या हाताखाली जामीन, वॉरंट, किरकोळ गुन्हे असलं सगळं निस्तरायचं. आता मोठ्या जजची एक खुर्ची रिकामी झाली होती. राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी तिचं नाव सुचवलं होतं, व्हाइट हाउसमध्ये मुलाखतही होऊन गेली होती. आता ही चौकशी, मग राष्ट्राध्यक्षांकडून नेमणुकीची घोषणा, मग सिनेटच्या समितीपुढे सगळ्या देशादेखत उलटतपासणी, आणि मग मतदान. खुर्ची मिळाली की जन्मभराची. पण चौकशीत कुठे पाल चुकचुकली, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"एवढ्या चाळण्यांतून तर आपलं पीठसुद्धा जात नाही," मायलोची बायको अर्लीन म्हणाली.

मायलोला चाळण्यांची काळजी नव्हती. त्याला काळजी होती गावाच्या जिभेची. त्या गावात कोणी कोणाची स्तुती करत नसे. एखाद्याने जळत्या गोठ्यातून बारा गायी बाहेर काढल्या, तर गाव म्हणे, "वाईट नाही केलंस." लग्नाच्या दिवशी नवरी समोर आली की म्हणे, "बरी दिसतेय." याच्यावर कौतुक कधी गेलंच नाही. आता वॉशिंग्टनच्या माणसाने विचारलं, 'रोझालिंड कुबिचेक कशी आहे?' आणि सगळं गाव म्हणालं, 'बरी आहे,' तर? तो बिचारा तेच लिहून घेणार. जन्मभराच्या खुर्चीवर 'बरी' बाई कोण बसवेल?

मायलोने गावाची तालीम घ्यायचं ठरवलं.

त्याच्या धंद्यात ते सोपं होतं. गळ्याशी वस्तरा असला की माणूस नीट ऐकून घेतो. पहिला सापडला त्याचा जुना मित्र डेल्मर स्लेझाक, मक्याचा शेतकरी.

"डेल्मर, वासराची गोष्ट आठवते ना?"

"कुठलं वासरू?"

"अरे, जत्रेतलं! रोझ दहा वर्षांची होती. तिच्या वासराला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. घरी येऊन तिने वय मोजलं, तर वासरू गटाच्या वयोमर्यादेपेक्षा चार दिवसांनी मोठं निघालं. पोरगी उठली आणि फीत परत देऊन आली."

"हां, हां. तू तेव्हा केवढा भडकला होतास तिच्यावर!"

"ते सांगायचं नाही! तू म्हणायचंस, 'तेव्हाच मी ओळखलं, ही मुलगी न्यायासाठीच जन्माला आली आहे.' म्हण बघू."

"असं मी आयुष्यात कधी बोललो नाही."

वस्तरा गळ्याशी थांबला. डेल्मरने निमूटपणे वाक्य म्हणून दाखवलं.

मग बेकरीवाली इर्मा व्हानेक झाली. दाताचा डॉक्टर पर्व्हिस झाला. तो बिचारा तीनच वर्षांपूर्वी गावात राहायला आला होता, पण मायलोने त्यालाही सोडलं नाही. आठवडाभरात गावातल्या झाडून सगळ्या दाढ्या गुळगुळीत झाल्या आणि वाक्य सगळ्यांचं तोंडपाठ झालं.

तपासनीस आला. टीग नावाचा, उंच, करड्या सुटातला, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलणार नाही असा माणूस. तो आधी बेकरीत गेला. इर्मा काउंटरमागे ताठ उभी राहिली आणि शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली, "तेव्हाच मी ओळखलं, ही मुलगी न्यायासाठीच जन्माला आली आहे."

"मी अजून काही विचारलेलं नाही, बाई," टीग म्हणाला.

डेल्मरला भरात डोळ्यांत पाणीही आणता आलं. डॉक्टर पर्व्हिस तर पार वाहवत गेला. त्याने वासराच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यापासून सगळं वर्णन केलं आणि वर म्हणाला, "मी स्वतः तिथेच उभा होतो." टीगने वळून भिंतीवरच्या त्याच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. डॉक्टर ओरेगनमध्ये शिकलेला होता, आणि त्या जत्रेच्या वेळी तो फार तर पाळण्यात असेल.

संध्याकाळी टीग गेला. मायलो जाम खुशीत. त्याने रोझला फोन लावला.

"पोरी, काळजी सोड. एकाच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. मी सगळ्यांची चांगली घोटून तयारी करून घेतली होती!"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"रोझ?"

"बाबा." आवाज फार हळू होता. "मी बारा वर्षं काय काम केलं, माहीत आहे ना तुम्हाला? पढवलेले साक्षीदार पकडायचं."

"अगं, पण खरी गोष्ट आहे ती! वासरू खरं आहे!"

"वासरू खरं असेल. साक्षीदार खोटे झाले. आता कोणाशीही काही बोलू नका." फोन बंद झाला.

मायलोने ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्याच वाटेत स्वतःच्या हाताने खड्डा खणून ठेवला होता. रात्री अर्लीनने ताट वाढलं तसंच परत उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीग पुन्हा हजर! या वेळी तो बेकरीच्या दारातच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्टर कुबिचेकनी शिकवलं नसेल ते सांगा. मी शेजारच्याच काउंटीतला आहे. आमच्याकडे माणसाची एवढी स्तुती तो शवपेटीत आडवा झाल्यावरच करतात."

डेल्मर तेव्हा समोरच मायलोच्या दुकानात खुर्चीवर होता. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण. मायलोने वस्तरा खाली ठेवला.

"तूच सांगितलंस ना त्याला?"

"मी? वेडा झालास का? मी तर रडलोसुद्धा काल!"

"तुझ्याशिवाय कोण? ऊठ माझ्या खुर्चीतून!"

"अर्ध्या दाढीने?"

"अर्ध्या दाढीने!"

डेल्मर तणतणत रस्त्यावर आला तो नेमका टीगच्या समोर. आता त्याला कोणाची भीडभाड नव्हती. उघड्या खिडकीतून त्याचा शब्द न् शब्द मायलोला ऐकू येत होता.

"कशी आहे विचारता? दगड आहे दगड! राखीव तळ्यावर मी दोन बदकं मारली. खटला तिच्यापुढे आला. म्हटलं, चला, आपल्या मांडीवर खेळलेली पोर आहे. तर म्हणते, 'काका, तुम्ही ओळखीचे, म्हणून हे प्रकरण मी चालवणार नाही.' पाठवलं दुसऱ्याकडे! त्या मेल्याने पुरेपूर दंड ठोकला!"

इर्माही पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसत बाहेर आली. "आणि माझे कोलाचे? खसखशीचे गोड पाव, आख्खा डबा! भाच्याचा खटला तिच्या कोर्टात होता, म्हणून प्रेमाने पाठवले. झाकणसुद्धा न उघडता परत! अशी माणूसघाणी पोर मी पाहिली नाही."

"मी तिला एकदाच भेटलोय," डॉक्टर पर्व्हिस खाली मान घालून म्हणाला. "वासरू मी पाहिलेलं नाही. मला माफ करा."

मायलोने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. थोड्या वेळाने दुकानाची घंटी वाजली. टीग आत आला आणि खुर्चीत बसला. त्याच्या मागोमाग डेल्मर, उरलेल्या दाढीसाठी.

"साहेब," मायलो म्हणाला, "सगळं मी केलं. तिने बजावलं होतं, काही करू नका म्हणून. माझ्याविरुद्ध लिहा काय लिहायचं ते. पण माझ्या मूर्खपणाची शिक्षा तिला नको. आणि या डेल्मरने चहाडी केली नसती तर..."

"यांनी नाही केली," टीग म्हणाला. "काल संध्याकाळी तुमच्या मुलीनेच आमच्या कचेरीत फोन केला. म्हणाली, माझ्या वडिलांनी साक्षीदार पढवले आहेत, सगळ्या साक्षी रद्द धरा आणि पुन्हा माणूस पाठवा."

"माझ्या रोझने?"

"तुमचं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं दिलं."

डेल्मर साबण पुसायचं विसरून मायलोच्या तोंडाकडे बघत राहिला. आता हा भडकणार, याची त्याला खात्री होती. मायलोने वस्तरा उचलला, डेल्मरला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि उरलेली अर्धी दाढी नेहमीपेक्षा हळुवार हाताने केली. पैसेही घेतले नाहीत.

पुढे महिने गेले. घोषणा झाली, समितीने रोझला तीन तास भाजून काढलं, मतदान झालं आणि तिची नेमणूक पक्की झाली. या सगळ्या काळात बापलेकींनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली, पण त्या फोनबद्दल दोघंही चकार शब्द बोलले नाहीत. बाबा दुखावले असणार, हे रोझने धरूनच ठेवलं होतं.

शपथविधीच्या दिवशी ओमाहाच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. रोझने उजवा हात वर केला. शपथ घेताना तिची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेकडे जात होती. मायलो तिथे नवा कोट घालून बसला होता, नाक लाल, डोळे वाहताहेत. आणि सगळी सभा शांत असताना तो शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याचा हात गच्च धरून, कुजबुजतोय असं समजून, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"या बाईने सख्ख्या बापाची तक्रार केली होती, साहेब! तो बाप मी!"