जावयाच्या वाटणीचा मुरूम

हिरेकट्टीचे सरपंच गुरुलिंगआण्णा यांनी वेशीबाहेर रस्त्यावर बांबूचं फाटक आडवं टाकलं, तेव्हा अख्ख्या गावानं नारळ फोडला. कारणही तसंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावानं स्वतःच्या हातानं खडी फोडून हा रस्ता केला होता. बायकांच्या तळहातांचे घट्टे अजून गेले नव्हते, तोवर शहाबादी फरशी वाहणाऱ्या ट्रकवाल्यांना कुणीतरी सांगितलं, की हिरेकट्टीवरून गेलं तर सोलापूर जवळ पडतं. झालं. रस्त्याला असे खड्डे पडले, की एका खड्ड्यात म्हैस बसली होती म्हणे, आणि मालक तिला आठवडाभर आसपासच्या बाजारांत शोधत हिंडत होता.

"ट्रकवाल्यांनी रस्ता खाल्ला, तर त्यांनीच भरून द्यायचा," आण्णांनी देवळापुढं सांगितलं. "पैसा नको. पैसा कुटं मुरतोय ते आपल्याला म्हायतेय. भरल्या ट्रकवाल्यानं माळावरनं धा पाट्या मुरूम आणायचा, खड्ड्यात टाकायचा, मग पुढं जायचं. रिकामा ट्रक, बैलगाडी, एस्टी माफ. नियम म्हंजे नियम. माझा बाप आला तरी पाटी उचलंल."

आण्णांचे वडील वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्याकडून अडचण यायचा प्रश्न नव्हता. अडचण आली ती जावयाकडून.

फाटकावर धुळाप्पा बसायचा. वजनकाटा नव्हता, पण धुळाप्पा मागच्या टायरकडं बघून "पोट सुटलंय, उतरा खाली" म्हणायचा. ड्रायव्हर शिव्या घालत, मग काठ्या घेऊन बसलेल्या मंडळींकडं बघत आणि मुकाट पाटी उचलत. महिन्याभरात म्हशीचा खड्डा बुजला. आण्णांची मान इतकी ताठ झाली, की त्यांची बायको मल्लव्वा म्हणाली, "घरात येताना जरा वाका. चौकट लागंल."

आणि एका दुपारी थोरल्या लेकीचा नवरा, शिवयोगी, स्वतःचा नवा कोरा ट्रक घेऊन फाटकावर उभा राहिला. बॉनेटवर झेंडूची माळ, मागं काठोकाठ फरशी. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. देवळातला पुजारीसुद्धा घंटा सोडून आला.

"या जावईबापू," आण्णा म्हणाले.

"मामा, पाटी कुटं हाय?" शिवयोगीनं बाह्या सारल्या. पोरगा गुणाचा होता, तीच पंचाईत होती.

तेवढ्यात मल्लव्वा पदर सावरत आली. "जावयाच्या डोक्यावर मुरुमाची पाटी? उद्या लेकीनं सासरी तोंड कसं दाखवायचं? यव्वा, ह्या माणसाचं काय करू मी."

"आण्णा, नियम," धुळाप्पा हळूच म्हणाला.

आण्णांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा गावाकडं. मग डोक्याचा पटका सोडला, त्याची चुंबळ केली आणि म्हणाले, "जावयाच्या वाटणीचा मुरूम सासरा टाकंल. नियमबी ऱ्हायला आन् मानबी ऱ्हायला."

गावानं माना डोलावल्या. शिवयोगी ट्रकच्या सावलीत बसून सासूच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खात होता आणि सासरा उन्हात दहा खेपा घालत होता.

दुसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर ट्रकमधूनच ओरडला, "मी सिद्धप्पाचा जावई हाय. त्यास्नी बोलवा." सिद्धप्पा आला आणि त्यानं पाटी उचलली. त्या ट्रकामागोमाग आणखी एक जावई आला, त्याचा सासरा हयात नव्हता. पण गावची लेक ती सगळ्यांची लेक, तेव्हा त्याच्या वाटणीचा मुरूम पंचांनी वाटून घेतला. मग निंगव्वाच्या नणंदेचा जावई आला.

"ह्यो कसा काय जावई?" आण्णांनी विचारलं.

"आता हुग्गी खाल्ली की त्यानं," धुळाप्पा म्हणाला. "काढून कशी घ्यायची?"

पुढं पुढं तर ट्रकांच्या फळीवर ऑइलपेंटनं 'हिरेकट्टीचे जावई' असं लिहून यायला लागलं. बिनलग्नाचे ड्रायव्हर गावात स्थळं विचारू लागले. बोलणी करताना म्हणायचे, "हुंडा नको, मुरूम तेवढा बघा." ज्या गावात खड्ड्यांमुळे पाहुणा फिरकत नव्हता, तिथं त्या वर्षी मांडव उतरवायला माणसं मिळेनात. काठ्या घेऊन बसणारी मंडळी आता पाट्या घेऊन बसू लागली. रस्ता असा गुळगुळीत झाला, की सगळ्या पंचक्रोशीचे ट्रक तिकडूनच जाऊ लागले.

या सगळ्यात एकच माणूस नियमानं वागत होता. मंगळवेढ्याचा ट्रकवाला कल्लप्पा. ना नातं सांगायचा, ना कुरकुर करायचा. पाट्या टाकून वर पायानं मुरूम दाबून द्यायचा. कंबरेला तेल चोळून घेताना आण्णा मल्लव्वाला म्हणायचे, "गावाची अब्रू त्या एकट्या पोरावर टिकलीया."

एकदा चार पाट्या झाल्यावर कल्लप्पानं पाचवी भरून खाली ठेवली. "आण्णा, एक इचारू?"

"इचार की."

"दानम्मासाठी स्थळ बघताय म्हणं. माझ्याकडं बघा की."

आण्णा मुरुमाच्या ढिगावर बसले. धाकटी लेक दानम्मा सकाळपासून पाण्याचा तांब्या घेऊन फाटकावर का येरझाऱ्या घालते आहे, ते त्यांना आत्ता उमगलं. पोरगा निर्व्यसनी, ट्रक स्वतःचा, सोयरिकीत बसणारा. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"स्थळ झ्याक हाय," आण्णा सावकाश म्हणाले. "पर सुपारी पावसाळा सरल्यावर फोडू. तोवर तू आपला येत ऱ्हा."

"येतो की. पर आमची आव्वा लई कडक हाय. शब्द दिला तवाच जावई झाला, म्हणती. मग त्या गावात पाटी उचलायची न्हाय."

"आन् शब्द न्हाय दिला तर?"

दानम्मानं तांब्या दगडावर जरा जोरात ठेवला. आण्णांनी लेकीकडं बघितलं. मग ते कंबर धरून उठले, पटक्याची चुंबळ डोक्यावर बसवली आणि भरलेल्या पाटीला हात घातला.

"किती ऱ्हायल्यात रं?"

"ही धरून सहा, मामा," कल्लप्पा म्हणाला आणि सावलीला जाऊन बसला.