सेलवरची आरती

जेवणाच्या टेबलावर चार सेल, पाच स्क्रू, एक कॅसेट, उघडलेला टेपरेकॉर्डर आणि त्याच्या सेलच्या कप्प्यातून निखळलेली एक स्प्रिंग होती. वीज नव्हती. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये ती सहालाच गेली होती.

"अर्ध्या तासात अंबादासराव येतील," अलकनंदा मुलाला म्हणाली. "मंत्रालयातले आहेत, इथे कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात उतरलेत. मी त्यांना सांगून बसलेय, सोसायटीत सगळ्यांना आरत्या तोंडपाठ आहेत म्हणून."

"आहेत?" मानसने विचारलं.

"कॅसेटबरोबर आहेत ना!"

ते खरं होतं. सोसायटीतली सहा मराठी घरं दर गणपतीत कॅसेटच्या आवाजाआड नुसते ओठ हलवत आली होती.

"गोंदाने चिकटव की," गुणवंत म्हणाले.

"बाबा, गोंदातून करंट जात नाही."

मानस फिजिक्सचा एम. एस्सी. होता. घरात डाख द्यायची सोल्डरची तार होती. पण सोल्डरिंग आयर्न विजेवरचं. त्याने स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवला. पहिल्यांदा सोल्डर वितळेना, दुसऱ्यांदा सेलचा कप्पाच वितळू लागला. तिसऱ्यांदा स्प्रिंग बसली. जोड चकाकायला हवा होता, तो राखाडी दिसत होता.

"जोड कच्चा आहे. करंट कमी मिळेल, म्हणजे मोटर हळू..."

"अरे यार, लेक्चर नंतर!" तनया, त्याची बहीण, ओरडली. "पाहुणे आले!"

समईच्या उजेडात कॅसेट सुरू झाली, ती पेंगुळल्यासारखी. तिच्या पुढे जायची कुणाची छाती नव्हती, कारण पुढचा शब्द कुणालाच येत नव्हता. झांजा हवेत ताटकळल्या. गुणवंतांचा किनरा आवाज जन्मात पहिल्यांदाच खर्जात गेला. अलकनंदाने शरमेने डोळे मिटून घेतले.

अंबादासरावांचेही डोळे मिटलेले होते. आरती संपल्यावर त्यांनी ते रुमालाने पुसले.

"वहिनी, आमच्याकडे आरती म्हणजे नुसती घाई हो. इथे एकेक शब्द कसा मनात उतरला! ही दिल्लीची पद्धत का?"

"बिल्कुल," अलकनंदा म्हणाली. "पहिल्यापासूनची."

"मग उद्या आमच्या मंडळींना घेऊनच येतो. अशीच म्हणा हं."

दुसऱ्या दिवशी वीज होती. मानसने आयर्न तापत ठेवलं. अलकनंदाने येऊन प्लग काढला.

"त्या स्प्रिंगला हात लावशील तर बघ! आणि टेप सेलवरच लाव."

कॅसेटवर ती आरती चार मिनिटांची होती. त्या संध्याकाळी ती सात मिनिटं वीस सेकंद चालली.